वारं गार येतंय

“ऐका आता,” टेंगशे म्हणाले आणि बोट वर करून उभे राहिले.

ऐकण्यासाठी बोट वर करायची काही गरज नव्हती. टेबलाखालच्या कॅबिनेटमधून येणारा घरघराट खाली रस्त्यापर्यंत जात असावा. तो चढत गेला, चढत गेला, पडद्यावरचा टेंगशे कुळाचा वंशवृक्ष हळूहळू सरकत चौथ्या पिढीपर्यंत आला, आणि एकदम सगळं काळं. कॉम्प्युटर बंद.

“चौथी पिढी,” टेंगशे म्हणाले. “रोज चौथ्या पिढीला बंद पडतो. आमचे पणजोबा निपुत्रिक नव्हते हो, घार्गेबाई. पाच मुलगे होते त्यांना. पण तुमच्या मशिनला ते मान्य नाही.”

“पंखा खराब आहे,” मी म्हणाले. “मी नवा आणलाय.”

“मागच्या आठवड्यातही नवाच आणला होतात.”

“तोही खराब निघाला.”

टेंगशे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारण्यात गेल्यामुळे समोरच्याचं म्हणणं ऐकताना त्यांचा चेहरा आपोआप शेरा मारल्यासारखा व्हायचा. तसाच झाला. मी सोफ्याच्या कडेला बसून पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. सोफ्याचं प्लास्टिक कर्रकन वाजलं.

त्या घरातलं सगळंच प्लास्टिकमध्ये होतं. सोफा दुकानातून आला त्या प्लास्टिकात. टीव्हीचा रिमोट पिशवीत, वरून रबरबँड. फ्रिजच्या दारावर कंपनीचा कागद अजून चिकटलेला, आणि टेंगशेकाकू फडकं फिरवताना तो निघणार नाही अशा बेतानं फिरवायच्या. “निघालं की जुनं झालं बाई,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला हसू आवरेना. अशा घरात माणसंसुद्धा पाहुणे आल्यावरच उघडत असतील, असं मी दुकानात येऊन सांगितलं, आणि सगळे हसले. माझी जीभ तेव्हा फार चालायची.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते, कराडच्या श्रीयंत्र कॉम्प्युटर्समध्ये कामाला होते, आणि टेंगशेंचा कॉम्प्युटर हा मी स्वतःच्या हातानं जोडलेला पहिला कॉम्प्युटर होता.

तो मला सहजासहजी मिळाला नव्हता. हार्डवेअरचा डिप्लोमा करून मी वर्षभर काउंटरवर बसत होते. गिऱ्हाईक आलं की “या, बसा” म्हणायचं आणि पाणी द्यायचं. दुकानाचे मालक विलास कणसे, सगळे त्यांना शेठ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण पोरीनं स्क्रूड्रायव्हर धरलेला गिऱ्हाइकाला दिसू नये असं त्यांचं मत होतं. मी रोज मागे लागायचे. शेवटी कंटाळून म्हणाले, “एक मशीन देतो तुला. एकच. तक्रार आली नाही तर आतलं टेबल तुझं. आली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, काउंटरवर बसायचं आणि लग्न होईपर्यंत हसतमुख राहायचं.”

आणि आता सव्वा महिन्यात दुसऱ्यांदा तक्रार आली होती. शेठना तिचा पत्ता नव्हता, कारण टेंगशेंचा फोन दोन्ही वेळा मीच उचलला होता. काउंटरवर बसण्याचा तेवढा एक फायदा.

पंखा बदलायला दहा मिनिटं पुरतात. कॉम्प्युटरच्या पोटात एक प्रोसेसर असतो, सगळा विचार तोच करतो आणि विचार करून करून तापतो. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो. ताप ठोकळ्यात चढतो आणि ठोकळ्यावरचा पंखा तो फुंकून लावतो. प्रोसेसर जास्त तापला की पंखा जास्त फिरतो, आणि अगदीच सोसेना झालं की मशीन आपलं आपण बंद पडतं. चार स्क्रू काढले की पंखा निघतो. ठोकळा जागचा हलवावा लागत नाही. मी तिसरा पंखा बसवला, मशीन चालू केलं. आवाज मंद, झुळुकीसारखा.

“बघा,” मी म्हणाले.

टेंगशेंनी घड्याळ पाहिलं. “अक्षय्य तृतीयेला कुलसंमेलन आहे. सव्वाशे घरं येणार आहेत. त्या दिवशी कुलवृत्तांत छापून हातात असला पाहिजे. चौदा वह्या टाइप करायच्या राहिल्यात. माझं वय सदुसष्ट आहे.” शेवटचं वाक्य त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं, तारीख सांगावी तसं म्हटलं होतं.

मी दुकानात परत पोचण्याआधी त्यांचा फोन आलेला होता. मशीन पाचव्या पिढीपर्यंत गेलं आणि बंद पडलं. प्रगती होती, पण एका पिढीची.

आतल्या टेबलावर हिंदुरावकाका असायचे. हिंदुराव माळी. श्रीयंत्र कॉम्प्युटर्स हे जेव्हा कणसे रेडिओ हाउस होतं, तेव्हापासूनचे. शेठच्या वडिलांनी त्यांना ठेवलेलं, त्यामुळे दुकानाची पाटी बदलली, माल बदलला, पण काका तसेच राहिले. कॉम्प्युटर त्यांना यायचा नाही असं सगळे धरून चालत. ते स्पीकर, मॉनिटर, जळलेले पॉवर सप्लाय असं दुरुस्त करत बसायचे. मला मात्र सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. डिप्लोमाला आम्ही सोल्डरिंगचं चित्र काढलं होतं.

“कितवा पंखा?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“तिसरा.”

“पंख्यानं काय घोडं मारलंय तुझं?”

“खराब लॉट आलाय काका. सगळेच बोंबलतात.”

“बोंबलतोय त्यो खराब कसा? बोंबलतोय म्हंजे फिरतोय. घरात आग लागली आन् कुणीतरी वरडतंय, तर तू वरडणाऱ्याचं तोंड बांधाय निघालीस.” त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आन् वर म्हणायचं, संन्याशी लई निघाले.”

“मग चोर कोण?”

“मला काय ठावं? मी रेडिओवाला.” मग म्हणाले, “हात लावून बघितलास का? ठोकळा तापलाय का?”

“नाही. गारच होता.”

“आन् पंख्याचं वारं?”

“तेही गारच येतंय.”

“बग की मग.”

मला काहीच बघायचं नव्हतं. गार वारा म्हणजे चांगलंच, इतकं माझं शास्त्र पक्कं होतं. मी म्हणाले, “काका, हे रेडिओसारखं नसतं.”

“सगळं रेडिओसारखं असतंय,” ते शांतपणे म्हणाले. “जिथं बिघाड वाटतोय त्या पार्टाला कवा इचारायचं न्हाई. त्यो खोटंच बोलतोय. त्येच्या शेजाऱ्याला इचारायचं, बाजूनं. आन् इचारून गप बसायचं. आपण घाई केली की पार्ट बी घाबरतो.”

मी मान हलवली आणि होलसेलवाल्याला फोन करून चौथा पंखा मागवला, मोठा, दुप्पट वारा देणारा.

चौथा पंखा बसवला त्या दिवशी टेंगशेकाकूंनी मला थालीपीठ दिलं. खाऊन होईस्तोवर सहावी पिढी ओलांडली होती. मी हात धुतले, आणि सातव्या पिढीतले कुणी गणेश बल्लाळ पडद्यावर आले तसा कॉम्प्युटर गेला. टेंगशे फोनपाशी गेले, डायरी उघडली, आणि माझ्यादेखत शेठच्या घरचा नंबर फिरवला. फोनसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत होता, त्यामुळे आकडे दाबताना पिशवी चुरचुर वाजत होती. तो आवाज मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेंगशेंकडे गेलो. शेठ पुढे, मी मागे, आणि शेठनी काय मनात आणून कोण जाणे, हिंदुरावकाकांनाही बरोबर घेतलेलं. वाटेत मला रडायला येत होतं, पण रडले असते तर “म्हणून पोरींना हे काम देत नाही” हे वाक्य मी स्वतः त्यांच्या तोंडात घातलं असतं. काउंटर मला डोळ्यांसमोर दिसत होता. त्यावरची काच, काचेखालचं कॅलेंडर, आणि मी. हसतमुख.

टेंगशे दारातच उभे होते. “आठ दिवस राहिले,” ते म्हणाले.

“आजच्या आज करून देतो साहेब,” शेठ म्हणाले. “पंखा बदलायचा का नयना?”

“चार झाले,” टेंगशे म्हणाले.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

हिंदुरावकाका तोवर खाली बसले होते. त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं, मशीन चालू केलं, आणि पंख्यापुढे तळहात धरून गप्प बसले. कुणी बोललं तरी उत्तर देईनात. डॉक्टर नाडी धरतात तसे पाचएक मिनिटं बसले असतील. आवाज वाढला. पंखा पिसाळल्यासारखा फिरायला लागला. मग मशीन बंद पडलं.

“वारं गार येतंय,” काका म्हणाले.

“मग?” शेठनी विचारलं.

“आतला तापून मरतोय आन् वारं गार. म्हंजे ताप पंख्यापतोर पोचंना. मधी कोणतरी आडवं बसलंय.” ते माझ्याकडे वळले. “ह्यो ठोकळा काढायचा का?”

“ठोकळ्यात बिघडण्यासारखं काय असतं?” मी म्हणाले. “नुसतं ॲल्युमिनियम आहे ते.” माझा आवाज चढला होता. पण तेवढ्यात, ते वाक्य तोंडातून निघत असतानाच, मी अडखळले. कारण मला आठवलं.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. शेठचा लाडका नियम. नव्या मालावरचं प्लास्टिक दुकानात काढायचं नाही. मॉनिटर असो, स्पीकर असो, माउस असो, जसाच्या तसा द्यायचा, आणि घरी पोचल्यावर गिऱ्हाइकानं आपल्या हातानं ते सोलायचं. “प्लास्टिक गिऱ्हाइकाच्या हातानं निघालं, की माल नवा होता याची त्यालाच साक्ष पटते,” शेठ म्हणायचे. पूर्वी त्यांच्यावर कुणीतरी जुना माल खपवल्याचा आळ घेतला होता, तेव्हापासूनचा हा नियम. पहिल्याच दिवशी त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला होता.

ठोकळा मी खोक्यातून काढला तेव्हा त्याच्या बुडाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक होतं. मी ते पाहिलं होतं. डिप्लोमाला आम्ही जुनी मशीनं उघडायचो आणि तीच परत लावायचो. कोरा ठोकळा मी जन्मात पाहिला नव्हता. सोबत एक कागद होता, बारीक इंग्रजी अक्षरांचा. तो मी वाचला नाही, कारण मला वाचायची गरज काय, मी डिप्लोमा होते. नियम आठवला, आणि मी प्लास्टिकसकट ठोकळा बसवला. शेठच्या नियमाची इतकी प्रामाणिक अंमलबजावणी त्या दुकानात आधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

काकांनी ठोकळा धरून ठेवणारा खटका ओढला, ठोकळा उचलला आणि उलटा केला.

बुडाला प्लास्टिक होतं. मधोमध चौकोनी डाग, तापून तपकिरी झालेला, पापडाला पडतो तसा.

काकांनी नखानं कड उचलली आणि अलगद सोलायला सुरुवात केली.

“अहो, अहो, काय करता?” टेंगशेकाकू पुढे आल्या. “ते कशाला काढताय? नवीन आहे ना अजून!”

“सुमन, तू आत जा,” टेंगशे म्हणाले.

प्लास्टिक निघालं. शेठनी ते दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं. माणूस रेडिओतून कॉम्प्युटरमध्ये आलेला असला तरी मूर्ख नव्हता. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. गिऱ्हाइकाच्या घरात, गिऱ्हाइकाच्या देखत, महिनाभराच्या त्रासाचं कारण त्यांच्या बोटांत लटकत होतं.

“हे कुणी बसवलं?” त्यांनी विचारलं.

मी हिंदुरावकाकांकडे पाहिलं.

“मी,” काका म्हणाले.

शेठ वळले. “तुम्ही?”

“व्हय. पोरगी म्हणाली, काका जरा दाबून बसवा, खटका लई घट्ट हाय. मी बसवला. नजर चुकली.” आणि मग, अगदी साध्या आवाजात, “रेडिओला असलं काय नसतंय.”

“वाटलंच मला!” शेठ म्हणाले. खरं तर त्यांना काही वाटलेलं नव्हतं, पण राग काढायला माणूस मिळाला की असं वाटतं. “हजारदा सांगितलं, काका, कॉम्प्युटरला हात लावू नका. हजारदा! साहेब, माफ करा, जुना माणूस आहे, वडिलांच्या वेळचा, म्हणून ठेवला होता.” मग काकांना म्हणाले, “उद्यापासून येऊ नका. घरी बसा. बास झालं आता.”

मी तोंड उघडलं होतं. आत काही शब्द नव्हते, नुसतंच उघडलं होतं. कुणाचं लक्ष गेलं नाही.

काकांनी ठोकळा पुसला, नीट बसवला, खटका लावला. मशीन चालू केलं. पंखा झुळुकीसारखा फिरायला लागला आणि तसाच फिरत राहिला. वंशवृक्ष चौथ्या पिढीतून पाचवीत गेला, गणेश बल्लाळ आले आणि गेले. टेंगशे खुर्ची ओढून बसले आणि आम्ही तिथं आहोत हे विसरूनच गेले.

काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशाला लावला. माझ्या पिशवीत काढलेले तीन पंखे होते, खराब म्हणून होलसेलवाल्याला परत करायला ठेवलेले.

“ह्ये खराब न्हाईत,” ते शेठना म्हणाले. “नेऊ का?”

“न्या, न्या,” शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं, असं मी घरी जाताना ठरवलं. दुसऱ्या दिवशी शेठनी काकांचं टेबल पुसून घेतलं आणि मला म्हणाले, “बस. तक्रार तुझी नव्हतीच.” मी बसले. म्हटलं, उद्या सांगू. उद्या गेला, परवा गेला. आठवड्यानं सांगितलं असतं तर शेठनी विचारलं असतं, आठवडाभर काय करत होतीस? महिन्यानं तर त्याहून वाईट. असं करता करता खरं बोलायची वेळच टळून गेली, आणि ती टळल्यानं मला, खोटं कशाला बोलू, हायसंही वाटलं.

कुलवृत्तांत अक्षय्य तृतीयेला निघाला. एक प्रत मला आली. प्रस्तावनेत शेवटून तिसऱ्या ओळीत छापलं होतं: “संगणकातील दोष चिकाटीने शोधून काढणाऱ्या कु. नयना घार्गे यांचे टेंगशे कुळ कायम ऋणी राहील.” सव्वाशे घरांत ते पुस्तक गेलं. शेठनी आमची प्रत काउंटरच्या काचेत लावली, नेमकं ते पान उघडून. प्लास्टिकच्या वेष्टनात.

हिंदुरावकाका ओगलेवाडीला राहायचे. कराडहून लांब नाही. पण मी त्या बाजूला फिरकले नाही. एकदा मंडईत ते समोरून येताना दिसले, तेव्हा मी एका भाजीवालीशी नको असलेल्या भोपळ्यावरून घासाघीस करत पाठ करून उभी राहिले. तो भोपळा घरी कुणी खाल्ला नाही.

अकरा वर्षं गेली. शेठनी दुकान माझ्याकडे सोपवलं. नवीन कुणी शिकायला आलं की मी पहिल्या दिवशी त्याला ठोकळ्याचं प्लास्टिक सोलायला लावायचे आणि ते भिंतीवर चिकटवायचे. सगळी भिंत भरली होती. लोक विचारायचे, हे काय? मी म्हणायचे, अनुभव. कुणाचा, ते सांगत नव्हते.

मग एक दिवस एक बाई जुना वॉल्व्हचा रेडिओ घेऊन आल्या. सासऱ्यांचा होता, त्यांना मरणाआधी एकदा ऐकायचा होता. पुण्यापर्यंत फिरून आल्या होत्या. मी म्हणाले, आमच्याकडे होत नाही. त्या म्हणाल्या, पूर्वी इथं एक काका होते ना?

तो रेडिओ मांडीवर घेऊन मी रिक्षानं ओगलेवाडीला गेले.

दार उघडंच होतं. काका खिडकीपाशी टेबल मांडून बसले होते. पाठ वाकली होती, चष्मा जाड झाला होता. मला पाहून उठले नाहीत, की दचकले नाहीत.

“ये पोरी. काय आणलंस?”

मी रेडिओ ठेवला. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि मागचं झाकण काढायला घेतलं. मी इकडेतिकडे बघितलं. टेबलाच्या वर, सोल्डरचा धूर ओढायला, लाकडी चौकटीत एक पंखा बसवला होता. लहान, काळा. स्वयंपाकघराच्या जाळीत दुसरा. कोपऱ्यात शेवग्याच्या शेंगा सुकत टाकल्या होत्या, त्यांच्यावर तिसरा. जुन्या पॉवर सप्लायवर जोडलेले. तिन्ही फिरत होते, आवाज न करता.

“ते...” मी म्हणाले.

“तुझेच,” काका म्हणाले. “अजून एकाला बी तेल लागलं न्हाई.”

काकूंनी चहा आणला. मी तो हातात धरून बसले. काका रेडिओच्या पोटात बघत होते.

“त्या दिवशी माझी एक चूक झाली,” ते म्हणाले. वर बघितलं नाही. “मी घाई केली. तू बोलणारच हुतीस. तोंड उघडलं हुतंस, मी बघितलं. मी मधीच बोललो. तुला जरा दम खाऊ द्याय पायजे हुता. अकरा वर्सं मनात हाय माझ्या.”

आणि गप्प बसले.

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. “हो काका, बोलणार होते” एवढं म्हटलं असतं तर त्यांच्या मनातलं निघालं असतं, माझी लाज राहिली असती, आणि चहा गार व्हायच्या आत मी परत कराडला गेले असते. ते माझी माफी मागत होते. अकरा वर्षं त्यांनी माझ्यावरचं प्लास्टिक निघू दिलं नव्हतं. मी त्यांच्या लेखी हवा तेवढा काळ नवीन राहू शकत होते.

तो डाग मला आठवला, तापून तपकिरी झालेला.

“नाही काका,” मी म्हणाले. “मी बोलणार नव्हते. तुम्ही दिवसभर थांबला असतात तरी नसते बोलले.” मग आवाज फुटला आणि थांबेना. “ठोकळा मीच बसवला होता, प्लास्टिक मी बघितलं होतं. आणि शेठनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे उगाच नाही बघितलं. त्यांना दिसावं म्हणून बघितलं.”

मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. स्वयंपाकघरात काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

“ठावं हाय,” काका म्हणाले. “तवाच कळलं हुतं.”

“तवाच?”

“तू शेठकडं बघून माझ्याकडं बघितलंस. दावल्यासारखं. मला काय कळत न्हाई व्हय?” त्यांनी एक जळकी तार ओढून काढली आणि बाजूला ठेवली. “मी म्हटलं, जाऊ दे. माझं टेबल तसंबी जाणारच हुतं. पोरीचं तरी ऱ्हाईल.”

“मग आत्ता असं का म्हणालात? बोलणार होतीस म्हणून?”

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“म्हटलं, बघू तरी,” ते म्हणाले, “वारं अजून गारच येतंय का.”

मग त्यांनी सोल्डरची तार माझ्या हातात दिली आणि रेडिओ माझ्या बाजूला सरकवला.

“धर. हात कापतोय माझा. टाका तू मार.”